ड्रोन शिकवायला गेले, पतंगाने अडवलं

नोव्हेंबरात शाळेत एक खोकं येऊन पडलं. आत पाच ड्रोनचे सुटे भाग, वर चिकटवलेला एक कागद: सातवी-आठवीच्या मुलांसाठी चार शनिवार, ‘ड्रोन आणि उड्डाणाचं विज्ञान’. विज्ञान माझ्याकडे, म्हणून खोकंही माझ्याकडे. मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, तुम्हाला काय अवघड आहे!” मी तोवर ड्रोन पाहिला होता तो फक्त लग्नांत. मंगलाष्टकं संपत आली की तो डोक्यावर घोंघावायला लागतो आणि वधूवरांवर टाकायच्या अक्षता पाहुण्यांच्या हातातच राहतात, एवढीच आमची ओळख.

आमच्या नाशिकच्या मुलांना विमानाचं अप्रूप तसं कमीच. ओझरला एचएएलचा विमानांचा कारखाना 1964 पासूनचा. तिथे मिग-21 ही लढाऊ विमानं बनली, पुढे सुखोई-30 बनली. वर्गातल्या दोघा-तिघांचे आजोबा तिथूनच निवृत्त झालेले. गांधीनगरच्या बाजूला राहणाऱ्यांना लष्कराची हेलिकॉप्टरं म्हणजे कावळे-चिमण्यांसारखी. सुखोई वरून गेलं की फळ्यावरचं वाक्य अर्ध्यात सोडायचं आणि आवाज ओसरला की तिथूनच पुढे उचलायचं, ही इथल्या शिक्षकांची अंगवळणी पडलेली गोष्ट. पण ते विमान वर राहतं कसं, हे मुलांना कुणी विचारलं नव्हतं. खरं म्हणजे मलाही कुणी विचारलं नव्हतं.

खोकं उघडल्यावर पहिला धक्का बॅटऱ्यांचा. पाचातली एक टम्म फुगलेली, तव्यावरच्या पोळीसारखी. या लिथियम पॉलिमर बॅटऱ्या असतात, एका सेलला 3.7 व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर 4.2. फुगली म्हणजे आत वायू धरलाय, आता तिला चार्जही करायचं नाही आणि टोचायचंही नाही. ज्यांच्याकडून माल आला त्यांना फोन लावला तर पलीकडचा पोरगा म्हणतो, “मॅडम, थोडी दाबून बसवा, बसते.” मी फोन ठेवला आणि बॅटरी वाळू भरलेल्या डालड्याच्या जुन्या डब्यात घालून पटांगणाच्या कोपऱ्यात ठेवली. नंतर ती ई-कचरा घेणाऱ्याकडे गेली. बदली बॅटरी आजतागायत आलेली नाही.

दुसरा प्रश्न, उडवायचं कुठे? ड्रोन नियम 2021 प्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन म्हणजे ‘नॅनो’. आमचा जोडलेला ड्रोन बॅटरीसकट 68 ग्रॅम भरला. नॅनोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, हे वाचून मी निर्धास्त झाले होते. पण ड्रोन कितीही हलका असला तरी वरची जागा काही आपली नसते. सरकारी नकाशावर आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे भाग पाडलेले असतात. हिरव्यात 400 फुटांपर्यंत परवानगीची गरज नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाला विचारायचं, लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काडीही उडवायची नाही. ओझरचा विमानतळ, गांधीनगरचा लष्करी तळ, देवळालीचा तोफखान्याचा परिसर, हे सगळं एकाच शहराच्या कुशीत. त्यात पोलीस आयुक्तालयाचे मनाई आदेश अधूनमधून निघतात आणि आता सिंहस्थाची तयारी. मुलांना घेऊन पटांगणात ड्रोन सोडायचा आणि मग कुणाला तरी उत्तरं देत बसायचं, एवढी माझी हौस नव्हती. प्रार्थनेचा हॉल ठरला. मुलं हिरमुसली. पुढे कळलं की हॉल ठरला ते बरंच झालं, पण ते नंतर.

पहिल्या शनिवारी खोकं उघडलंच नाही. मुलांना पटांगणात नेलं, फुटपट्टीने मोजून 120 फुटांवर चुन्याची रेघ मारली आणि सांगितलं, 17 डिसेंबर 1903 ला राइट बंधूंचं विमान पहिल्यांदा उडालं ते इथून तिथपर्यंत, 12 सेकंद. मुलांनी लगेच पळून बघितलं. कबड्डीच्या संघातला एक जण सात सेकंदांत पोचला आणि छाती काढून म्हणाला, “मॅडम, मी विमानाच्या पुढे.” हशा पिकला. पण मला हवं होतं ते हेच. त्या दिवशी समोरून ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास वारा होता. जमिनीच्या हिशेबाने विमान रांगत होतं, हवेच्या हिशेबाने धावत होतं. पंखाला जमीन कळत नाही, त्याला फक्त अंगावरून जाणारी हवा कळते. म्हणूनच पतंग जागेवर उभा राहूनही उडतो, तिथे पळायचं काम वारा करतो. हे मुलांना पटकन पटलं. मीही रंगात आले.

मग वर्गात येऊन मी फळ्यावर पंखाचा छेद काढला. वरून फुगीर, खालून सपाट. आणि पंधरा वर्षं जे सांगत आले तेच सांगितलं: हवेचे दोन कण पंखाच्या पुढच्या कडेला वेगळे होतात, एक वरून जातो, एक खालून. वरचा रस्ता लांब, पण मागच्या कडेला दोघांना एकाच वेळी पोचायचं असतं, म्हणून वरचा कण जोरात पळतो. वेग वाढला की दाब कमी, दाब कमी म्हणून पंख वर. बर्नोलीचा नियम. झालं.

शेवटच्या बाकावर येवल्याहून आलेला एक मुलगा बसतो. वडिलांची बदली झाली म्हणून तो दोन वर्षांपूर्वी नाशिकला आला, पण संक्रांतीला अजून येवल्यालाच जातो. तिथला पतंगोत्सव तीन दिवस चालतो आणि हा मुलगा जूनपासून त्याच गोष्टी सांगत असतो. मांजाच्या चक्रीला फिरकी म्हटलेलं त्याला चालत नाही, ती ‘आसारी’. तो उभा राहिला.

“मॅडम, पतंगाचा कागद तर सपाट असतो. वरून लांबचा रस्ता कुठंय?”

मी म्हटलं, पतंगाचं जरा वेगळं असतं.

“आणि सुखोई उलटं होऊन पण उडतं ना? माझे आजोबा सांगतात,” पुढच्या बाकावरून दुसरा. “मग तेव्हा फुगीर बाजू खाली असते.”

तिसरीने शांतपणे विचारलं, “दोन्ही कणांना एकाच वेळी पोचायचं असतं हे त्यांना कोण सांगतं?”

घंटा झाली आणि मी सुटले. शिक्षकांना घंटेचे उपकार फार असतात.

त्या आठवड्यात मी जेवढं वाचलं तेवढं बीएडलाही वाचलं नव्हतं. निष्कर्ष असा की मुलं बरोबर होती आणि मी चूक. ‘एकाच वेळी पोचायचं’ असा कुठलाही नियम हवेला लागू नाही. केंब्रिजचे प्राध्यापक होल्गर बाबिन्स्की यांनी पंखावरून धुराचे तुटक फटकारे सोडून 2003 मध्ये दाखवून दिलं की वरचा धूर खालच्याच्या बरोबर पोचतच नाही, तो बराच आधी पोचतो. वर वेग जास्त आणि दाब कमी हे खरंच आहे, बर्नोलीचं काही चुकलेलं नाही. चुकलं ते आम्ही लावलेलं कारण. पंख वाऱ्याला थोडा तिरका धरलेला असतो, किंवा बाक दिलेला असतो, त्यामुळे हवा त्याच्या अंगाला धरून खाली वळते. हवेला खाली वळवायचं तर तिच्यावर जोर लावावा लागतो, आणि तेवढाच जोर हवा उलट पंखावर लावते. एवढं साधं. पंधरा वर्षांत किमान हजार मुलांना मी चुकीचं सांगितलंय. त्यातली काही आता इंजिनिअर आहेत, त्यांना कॉलेजात कुणी दुरुस्त केलं असेल अशी आशा.

दुसऱ्या शनिवारी वर्गात शिरल्या शिरल्या सांगून टाकलं, “मागच्या वेळी मी सांगितलं ते चूक होतं.” वर्ग एवढा चिडीचूप मी कधी पाहिला नव्हता. येवल्याच्या मुलाने मान खाली घातली, जणू त्याचाच गुन्हा.

मग सगळे हात धुण्याच्या नळांपाशी गेलो. प्रत्येकाने डब्यातला चमचा आणला होता. नळाची धार बारीक सोडायची, चमचा दांड्याच्या टोकाला दोन बोटांत सैल धरायचा आणि त्याची फुगीर पाठ हळूच धारेला लावायची. सगळ्यांचा अंदाज असतो की पाणी चमच्याला ढकलून देईल. होतं उलटंच. चमचा धारेत ओढला जातो आणि धार चमच्याच्या पाठीला धरून वाकडी होऊन पलीकडे पडते. “मॅडम, चिकटतोय!” पाणी या बाजूला वळलं, चमचा त्या बाजूला गेला. हवेचं आणि पंखाचं भांडण हेच. ओळीने सतरा नळ आणि पन्नास चमचे. पाणी वाया गेलं म्हणून मावशी बोलल्या ते वेगळं.

त्यानंतर पतंग. आता बोलायचा मान येवल्याचा. त्याने पतंगाची कणी कशी बांधतात ते दाखवलं: वर एक भोक, खाली एक, दोन्हीकडून आलेला दोरा जिथे एकत्र होतो ती गाठ. “वारा जोराचा असला की खालचा दोरा बोटभर जास्त सोडायचा. मग पतंग वाऱ्यात आडवा झोपतो आणि हाताला कमी ओढतो. वारा पडला की उलट.” मी फळ्यावर त्याचंच वाक्य आकृतीत काढलं. पंख वाऱ्याशी जो कोन करतो तो विमानशास्त्रात मोठा मानाचा विषय आहे. तो येवल्यात बोटाने मोजतात. कोन फार वाढवला तर हवेला पाठीवरून वळता येत नाही, ती सुटते आणि उचल, म्हणजे पंखाला वर नेणारा जोर, एकदम कोसळते. “म्हणजे गोता,” तो म्हणाला. म्हणजे गोता.

वेगाचं गणित मी एसटीच्या खिडकीवर सोपवलं. खिडकीबाहेर हात काढू नये हे तीनदा बजावून मगच मान्य केलं की सगळ्यांनी तो कधी ना कधी काढलेला असतो. तळवा थोडा तिरका केला की हात वर उचलला जातो. गाडीचा वेग दुप्पट झाला तर जोर दुप्पट नाही, चौपट होतो. हे वाक्य लक्षात ठेवा, म्हटलं, कामाला येईल. तेव्हा माझ्या डोक्यात मंगळ नव्हता.

त्याच दिवशी एक प्रयोग फसला, आणि चारही शनिवारांत माझा सगळ्यात लाडका प्रयोग तोच. शाळेसमोरच्या किराणा दुकानातून इलेक्ट्रॉनिक वजनकाटा मागून आणला. लोखंडी एक किलोच्या मापावर ड्रोन दोऱ्याने घट्ट बांधला आणि काट्यावर ठेवला. 1,068 ग्रॅम. माझा बेत असा की पंखे सुरू केले की आकडा उतरत जाईल, जेवढा उतरला तेवढी ड्रोनची उचल. पंखे सुरू झाले, काट्याजवळचे कागद उडाले, कानठळ्या बसल्या. आकडा 1,061, 1,055, पुन्हा 1,060. ड्रोन तर हाताला चांगला ओढत होता. मग हे काय? मी कनेक्शन तपासलं, बॅटरी बदलली. तेच.

निळ्या रिबिनीची एक मुलगी, वर्षभरात जिने वर्गात हात वर केलेला मला आठवत नाही, ती काट्याच्या बाजूला उकिडवी बसून बघत होती. तिने ताटलीवर हात धरला. “मॅडम, वारा काट्यावरच पडतोय. ड्रोनने वारा खाली ढकलला म्हणून तो वर जाणार. पण तोच वारा काट्याला खाली ढकलतो. हिशेब फिटला.”

मी क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. न्यूटनचा तिसरा नियम इतका चोख मी स्वतः कधी सांगितला नव्हता. मग प्लंबरकडून आणलेला फूटभर लांबीचा पीव्हीसी पाइप वाळू भरलेल्या अरुंद डब्यात रोवला, पाइपच्या टोकाला ड्रोन बांधला आणि परत काट्यावर चढवला. आता वारा खाली पोचेस्तोवर बराचसा आजूबाजूला पसरत होता. सगळं मिळून 1,312. पूर्ण जोर दिल्यावर 1,230. थोडा वारा अजूनही काट्यावर पडत असणार, तरी 82 ग्रॅमची उचल दिसली. ड्रोनचं वजन 68. “उडणार!” हॉल दणाणला. ड्रोन अजून एक इंचही उडाला नव्हता, तो उडणार हे आम्ही किराण्याच्या काट्यावर सिद्ध केलं होतं.

तिसरा शनिवार जोडणीचा. त्याचं फार सांगत नाही. बारीक स्क्रू हरवणं, ते फरशीवर रांगत शोधणं, एकाने स्क्रूड्रायव्हर बोटात खुपसून घेणं, हे व्हायचं ते झालं. पंखे आणि मोटरी जोडताना मात्र थांबावं लागलं. चारातले दोन पंखे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात, दोन उलट. समोरासमोरच्या कोपऱ्यांतली जोडी एका दिशेची. का? सगळे एकाच दिशेने फिरवले तर काय बिघडतं?

यासाठी मला मुख्याध्यापकांची खुर्ची हवी होती. शाळेत फिरती खुर्ची एकच. सरांनी दिली, पण दारापर्यंत सोडायला आले. वर्गातली सगळ्यात हलकी मुलगी खुर्चीत बसवली, पाय वर घ्यायला लावले आणि तिच्या हातात सायकलचं चाक दिलं, आस उभा धरून. चाक आडवं फिरव म्हटलं. चाक फिरलं, खुर्ची जागची हलली नाही. वर्षानुवर्षं कुणी गरकन न फिरवल्याने तिची बेअरिंगं गंजली होती. एका मुलाचे वडील गॅरेज चालवतात, तो पळत जाऊन तेलाची बाटली घेऊन आला. तेल मुरल्यावर पुन्हा. तिने चाक उजवीकडे फिरवलं आणि खुर्ची तिला घेऊन डावीकडे निघाली. ती किंचाळली, मग हसत सुटली, मग प्रत्येकाला बसायचं होतं. पंखा एका बाजूला फिरवायचा तर मोटर दुसऱ्या बाजूला रेटली जाते. चारही पंखे एका दिशेचे असतील तर अख्खा ड्रोन भोवऱ्यासारखा उलटा गरगरेल. दोन-दोन वाटून दिले की रेटा फिटतो. आणि मुद्दाम वळवायचं असेल तर एका जोडीचा वेग थोडा वाढवायचा, दुसरीचा तेवढाच कमी करायचा. उचल तेवढीच राहते, तोंड फिरतं. हेलिकॉप्टरला हा रेटा फेडायला शेपटीवर छोटा पंखा लागतो. गांधीनगरच्या मुलाने लगेच सांगितलं, “म्हणून त्याची शेपटी एवढी लांब.” लांब दांड्याला थोडा जोर पुरतो, हे त्याला पान्यावरून माहीत होतं.

सरांची खुर्ची संध्याकाळी परत केली. सोमवारी सर म्हणाले, “मॅडम, खुर्ची आता फारच फिरते हो.” तक्रार होती की कौतुक, कळलं नाही.

पहिलं उड्डाण त्याच दिवशी साडेबाराला. डोळ्यांना प्लास्टिकचे चष्मे, मुलं भिंतीला पाठ लावून. बटण दाबलं, ड्रोन वीतभर उठला आणि त्याच जागी कोलांटी मारून तंगड्या वर करून पडला. पुन्हा लावला, पुन्हा कोलांटी, नेहमी एकाच अंगावर. मला वाटलं आतलं सर्किट गेलं. गॅरेजवाल्या मुलाने ड्रोन हातात घेतला, “याचा एक पाय उलटा मारतोय,” म्हणाला आणि ऑफिसातल्या गणपतीसमोरची जळती उदबत्ती घेऊन आला. एकाने ड्रोन घट्ट धरला, दुसऱ्याने पंखे अगदी हळू फिरवले, आणि उदबत्ती एकेका पंख्याखालून नेली. तीन पंख्यांखाली धूर फरशीकडे फेकला जात होता. चौथ्याखाली तो वर ओढला जात होता. पंख्यांवर कोरलेली ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरं मुंगीच्या पायाएवढी, आणि चौथ्या मोटरीवर चुकीच्या जातीचा पंखा बसला होता. पाती उलट्या पिळाची असली की तीच मोटर हवा वर फेकते आणि ड्रोनचा तो कोपरा जमिनीत दाबते. भिंगातून बघून पंखा बदलला. निळ्या रिबिनीवालीने दप्तरातून मरून नेलपॉलिश काढली आणि पाचही ड्रोनच्या ‘बी’ पंख्यांवर ठिपके दिले. शाळेत नेलपॉलिश आणायला बंदी आहे. मी पाहिलं नाही असं धरून चाललं.

त्यानंतर तो उडाला. हॉलच्या मधोमध, कंबरेएवढ्या उंचीवर, थरथरत, जागच्या जागी. त्या क्षणाचं वर्णन करायचा मोह आवरते. मुलं ओरडली नाहीत एवढंच सांगते. सगळी बघत राहिली.

त्याला असा स्थिर ठेवतं कोण? आतली जायरोस्कोपची, म्हणजे कलणं ओळखणारी, चिप. तळहातावर काठी उभी तोलताना आपण डोळ्यांनी बघून हात सतत हलवत राहतो, तेच काम ही चिप सेकंदाला शेकडो वेळा करते. कुठला कोपरा कलला, त्या मोटरीला किती जोर द्यायचा. काठी तोलायची स्पर्धा झाली, सर्वात जास्त वेळ 41 सेकंद. मग त्या मुलानेच सांगितलं की सेकंदाला शेकडो वेळा म्हणजे काय ते आता हाताला कळलं.

चौथ्या शनिवारी उडवायचं होतं, आणि इथे हॉलने आपले गुण दाखवले. सकाळी मामा चहा घेऊन आले आणि त्यांनी दार खांद्याने धाडकन आत ढकललं. हॉलच्या दुसऱ्या टोकाला उडत असलेला ड्रोन हातभर वर उसळला आणि परत खाली येऊन स्थिर झाला. रिमोट ज्याच्या हातात होता तो शपथा घेत होता की त्याने काही केलं नाही. “मामांना घाबरला,” कुणीतरी म्हणालं.

मी मामांना पुन्हा दार ढकलायला सांगितलं. पुन्हा उसळी. हळू ढकलायला सांगितलं, काही नाही. आता मुलांनीच खिडक्या उघडल्या आणि दार आपटून पाहिलं, उसळी अगदी किरकोळ. खिडक्या बंद, उसळी मोठी. वीस मिनिटं हेच. मामांचा चहा गार झाला, पण दार ढकलणं हे इतकं महत्त्वाचं काम आहे हे कळल्यामुळे ते खूश होते.

ड्रोनमध्ये हवेचा दाब मोजणारी एक चिप असते, तिच्यावरून तो आपली उंची ओळखतो. वर जावं तसा दाब कमी होतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर, इथला दाब साधारण 94,000 पास्कल. एक मीटर वर गेलं की तो फक्त 11 पास्कलनी उतरतो, म्हणजे साडेआठ हजारांत एक भाग. एवढा बारीक फरक ही चिप ओळखते. दार झटक्याने आत आलं की बंद हॉलमधली हवा क्षणभर दाबली जाते. दाब वाढला म्हणजे मी खाली आलो, असं ड्रोन समजतो आणि बिचारा वर चढतो. खिडक्या उघड्या असल्या की दाबलेली हवा निसटते. बाहेर पटांगणात हे कधीच दिसलं नसतं.

बाकी चौथा शनिवार बॅटऱ्यांनी खाल्ला. चार बॅटऱ्या, एक चार्ज झाली की सहा मिनिटं उडायचं आणि मग पाऊण तास चार्जिंग, तेही कुणीतरी शेजारी बसून. पन्नास मुलांच्या वाट्याला प्रत्येकी जेमतेम मिनिट आलं. एक ड्रोन छताच्या पंख्यात अडकून गेला. पंखा बंद होता म्हणून पाती वाचली, ड्रोन नाही. उडवायला सगळ्यात जास्त आतुर असलेल्यांतला एक रिमोट हातात आल्यावर घामाघूम झाला आणि न उडवताच परत देऊन बसला. त्याला मी काही म्हटलं नाही. मला विचाराल तर पन्नास मुलांत पाच ड्रोन देण्याऐवजी दोनच द्यावेत आणि उरलेल्या पैशांत पंचवीस वजनकाटे. पण वजनकाट्यांचे फोटो वर्तमानपत्रात छापून येत नाहीत.

शेवटची बॅटरी संपल्यावर अर्धा तास उरला होता. मी मंगळावरच्या हेलिकॉप्टरची गोष्ट सांगितली. नासाचं ‘इंजेन्युइटी’, वजन 1.8 किलो, 19 एप्रिल 2021 ला मंगळावर 39 सेकंद उडालं. तिथली हवा पृथ्वीच्या जेमतेम एक टक्का दाट, म्हणून पंखे सव्वा मीटरच्या आसपास लांब आणि मिनिटाला सुमारे 2,400 फेरे. पाच उड्डाणं करायला पाठवलेलं ते जानेवारी 2024 पर्यंत 72 वेळा उडालं. आमच्या वर्गात कुणी मध्ये न बोलता एवढी गोष्ट ऐकली, असं क्वचितच होतं.

मग शेवटच्या बाकावरून आवाज आला. “मॅडम, मंगळावर पतंग उडेल?”

मी खडू त्याच्याच हातात दिला. फळ्यावर सगळ्यांनी मिळून मांडलं. हवा शंभर पट विरळ, म्हणून उचल शंभर पट कमी. पण मंगळावर वजनही कमी भरतं, इथल्या शंभर ग्रॅमचे तिथे 38. म्हणजे 38 पट उचल कमी पडते. वेग दुप्पट केला की उचल चौपट, हे एसटीच्या खिडकीतून आलेलं. तर मग कितीपट वेग केला की 38 पट उचल? सहा सक छत्तीस, कुणीतरी ओरडलं. सहा पटीला थोडं वर. इथे ताशी दहा किलोमीटरच्या वाऱ्यात पतंग चढतो, तर तिथे साठच्या वर लागेल. आणि मंगळावरच्या धुळीच्या वादळात वारा तेवढा वाहतो, हे मला माहीत होतं, ते मी सांगितलं.

तो फळ्याकडे बघत बराच वेळ खडू हातात फिरवत राहिला.

“म्हणजे वादळात उडेल,” तो म्हणाला. “पण आसारी कोण धरणार?”